मदत हवी आहे: मी बोलकी, हे अबोल
नमस्कार. लग्नाला दोन वर्षं झाली. मला माणसं लागतात, ह्यांना शांतता. यंदा संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, माहेरची सगळी आली होती. हे अर्ध्या तासात उठून सिद्धेश्वर तलावाच्या काठी एकटेच जाऊन बसले. मला फार लागलं. रात्री मात्र न सांगता माझ्या दुखऱ्या पायांना तेल चोळून दिलं. प्रेमाबद्दल शंकाच नाही.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या अंतर्मुख-बहिर्मुख स्वभावांविषयी वाचलं. दोन्ही वृत्ती प्रत्येकात असतात म्हणे, तेवढाच धीर आला. पण भांडण झालं की मला तिथल्या तिथे बोलायचं असतं आणि हे दोन-दोन दिवस तोंड उघडत नाहीत. तो अबोला सोसवत नाही. तुमच्यात कुणी असं जोडपं आहे का? किती थांबता, आणि आधी कोण बोलतं?