डिकीत आधी तवा, मग बॅगा : पथ्यवाल्यांसोबतचे प्रवास

गोदाकाठची:
काल रात्री नणंदेचा फोन आला. भाचीला सिलिअ‍ॅक निघालंय, म्हणजे गहू कायमचा बंद. आणि दिवाळीनंतर सगळ्यांनी गाडीने मालवणला जायचं ठरलंय, होमस्टेचे पैसेही भरून झालेत. "वहिनी, रद्दच करते मी. तिला बाहेर काय घालू?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

तिला समजावता समजावता आमची पहिली ट्रिप आठवली. लेक प्राथमिक शाळेत होता, हेच निदान नुकतं झालेलं. नाशिकहून पुणे, कोल्हापूर करत कोकणात उतरायचं होतं. ह्यांनी रस्त्याचा नकाशा काढला, मी खाण्याचा. डिकीत आधी तवा, कुकर, इंडक्शन, ज्वारी-नाचणीच्या पिठाचे डबे, इंद्रायणीची पिशवी. उरलेल्या जागेत कपडे. सासरे म्हणाले, "सहलीला निघालोय की बिऱ्हाड हलवतोय?"

संगमनेरच्या पुढे एका ढाब्यावर विचारलं, ह्याला गव्हाचं काहीच चालत नाही, काय देता? पोऱ्या म्हणाला, "मॅडम, मग मैद्याची रोटी घ्या ना." त्याला काय बोलणार. रवा, मैदा, शेवया, दलिया सगळं गव्हाचंच, हे निदान होईपर्यंत आपण तरी कुठे मनात आणतो. ज्वारीची भाकरी मागवणार होते, तेवढ्यात आत डोकावले तर चपाती आणि भाकरी एकाच परातीत, एकाच तव्यावर. मग पोराने साधा भात-दही खाल्लं, वर घरची चटणी. डाळ नाही घेतली, कारण हिंग. बांधणीच्या, म्हणजे बाजारच्या तयार हिंगात बऱ्याचदा मैदा नाहीतर कणीक असते. घरी मी खडा हिंग कुटून वापरते, ढाब्याच्या फोडणीची खात्री कोण देणार?

तर लिहा. साखर, किडनी, अ‍ॅलर्जी, चौविहार, कुणाचं काहीही असो. गाडीने जाताना कसं जमवता? नणंदेला वाचायला देणार आहे.

वैतागवाडी:
हिंगात मैदा??? उठून डबी बघून आले. खरंच लिहिलंय मागे. बारीक अक्षरात.

अर्धा_चहा:
आमच्याकडे पथ्य सासऱ्यांना आणि घाम वेटरला. तेल कमी, तिखट नको, मीठ बेताचं. ताट आलं की "ह्याला काही चवच नाही".

सिन्नरकर:
आईला साखर आहे, इन्सुलिनवर आहे. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धीचा शिर्डी-नागपूर टप्पा नवा नवा सुरू झालेला, आणि आमचं नागपूरला लग्न. म्हटलं सुसाट जाऊ. सुसाटच गेलो, पण तेव्हा वाटेत हॉटेल नाही, टपरी नाही, नुसता सिमेंटचा रस्ता. बाहेर पडायचं तर इंटरचेंज येईपर्यंत थांबा. आईने सकाळचं इन्सुलिन घेतलेलं, नाश्ता "पुढे करू" म्हणून राहिलेला. मागून आवाज आला, "अरे, मला कसंतरी होतंय." हात थंड, घाम. बायकोने पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी मशीनवर पुन्हा तपासलं, मग दशमी खायला घातली.
तेव्हापासून गाडीत साखरेची डबी ड्रायव्हरच्या हाताशी, डिकीत नाही. आणि चॉकलेटवर विसंबू नका, त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला वेळ लागतो. साधी साखर किंवा ग्लुकोज बरं.
इन्सुलिन थर्मासमध्ये. बर्फाला चिकटवून ठेवायचं नाही, गोठलं की फेकून द्यावं लागतं. आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात सोडायचं नाही.

तिळगूळ:
@सिन्नरकर, दशमी ज्वारीची का? दुधात भिजवून? आमची आजी करायची, चार दिवस टिकायची. आता कुणाला येत नाही.

सिन्नरकर:
हो, दुधातली. आईच करते. रेसिपी विचारली की म्हणते "अंदाजाने".

कढीपत्ता:
मी लासलगावची सून, माहेर जैन. पुढचं तुम्हीच समजून घ्या.
आई-पप्पांना घेऊन मांगी-तुंगीला गेलो होतो, ती १०८ फुटी मूर्ती बघायची म्हणून. दोघांचाही चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. कांदा-लसूण सांभाळणं सोपं हो, घड्याळ सांभाळणं अवघड. थंडीत सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि आपल्या लोकांची गाडी दुपारी "निघू, निघू" करत तीनला हलते. मी आता निघायची वेळ उलटीकडून ठरवते. सूर्यास्त किती वाजता, त्याआधी तासभर जेवायला कुठे बसायचं, मग मागे मोजत सकाळी. तीर्थाच्या भोजनशाळेला आधी फोन केला तर चिंता नाही, पण तिथलं स्वयंपाकघरही वेळेत बंद होतं. उशीर झाला तर उपाशीच.
सासरे मात्र मायाळू. जेवताना पप्पांच्या ताटाकडे बघून दर वेळी, "व्याही, कांदा नाही तर जेवण उतरतं कसं?" त्यांचं अख्खं आयुष्य कांद्याच्या लिलावात गेलं, त्यांना तो प्रश्न खराच पडतो.

अर्धा_चहा:
लासलगावात कांदा न खाणारी सून. भाव पडले की तुमच्याकडे बोट दाखवत असतील.

कढीपत्ता:
दाखवतात 😄

बागलाणी:
काय भो, मांगी-तुंगीला येऊन गेल्या आणि सटाण्यावरून तशाच गेल्या. कळण्याची भाकरी खाऊ घातली असती. ज्वारी आणि उडीद, गहू नाही. नणंदबाईंच्या पोरीला पण चालेल.

घाटमाथा:
चालेल, पण दळण कुठून आणलं ते विचारा. गिरणीत आधी गहू दळले असतील तर त्याच जात्यातून गव्हाचं पीठ ज्वारीत येतं. बाजारच्या पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गिरणीच्या तोंडाशी साचलेलं पीठच त्याहून जास्त भरेल. निवडून, धुऊन, वाळवून घरघंटीवर दळलेलं सगळ्यात बरं.

मुसळधार:
राग मानू नका, पण थोडंसं गेलं पोटात तर काय होतं? आमच्या लहानपणी कुणाला असलं काही नव्हतं. मुलांना फार जपलं की ती नाजूक होतात.

घाटमाथा:
काका, मी लॅबमध्ये काम करते, रोज हे रिपोर्ट बघते. सिलिअ‍ॅकमध्ये गव्हातल्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं. आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, ते झिजतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. घासभर खाऊन पोट दुखलं नाही तरी आत नुकसान होतंच. तुमच्या लहानपणी अशी मुलं होती, फक्त "ह्याला खाल्लेलं लागत नाही" म्हणून सोडून द्यायचे. गहू, जव आणि राय, तिन्ही बंद. आपल्याकडे सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात, ते विसरू नका.
गोदाकाठची, नणंदेला एक सांगा. बाकीच्या भावंडांची आणि आईवडिलांचीही रक्ततपासणी करून घ्या, घरात एकाला असलं की इतरांना असण्याची शक्यता वाढते. आणि तपासणीआधी त्यांचा गहू बंद करू नका, रिपोर्ट फसवा येतो.

गोदाकाठची:
हे फार बरं झालं. धाकटा आहे तिला. आत्ताच मेसेज करते, नाहीतर ती उद्यापासून सगळ्या घरालाच भाकरीवर आणेल.

मुसळधार:
बरं. माझ्या चुलत भावाला खरंच खाल्लेलं लागायचं नाही. असो.

रानजाई:
आमच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जायचं म्हणजे सगळ्यांचा उपास आणि ह्याची उपासमार. साबुदाण्यात कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी, बटाट्याच्या भाजीत कूट, लाडू दाण्याचे, तळायला शेंगदाणा तेल. महाराष्ट्रात शेंगदाणा नसलेला उपास करून दाखवा! भगर मी घरून नेते, तुपात जिरं-मिरचीवर केलेली, बरोबर ताक. चिवड्याच्या दुकानात त्याला आत नेतच नाही. "दाणे काढून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांना हात जोडते.

वैतागवाडी:
भगर कुठली घेता? घोटीला गिरणीवर स्वस्त पडते म्हणे.

रानजाई:
घोटीचीच. तांदूळ पण तिकडूनच. मुंबईहून येताना कसारा चढून आलो की पोतं गाडीत.

तिळगूळ:
इंद्रायणी नवा घेऊ नका हो कुणी, गिचका होतो. जुना मागा.

वैतागवाडी:
गिचकाच तर हवा, मेतकूट-भाताला!

प्रसादाचं काय करता, ते कुणी लिहिलंच नाही?
(माझी पुतणी, सिलिअ‍ॅकच. देवळात शिरा हातावर ठेवतात. नाही म्हटलं तर बायका डोळे वटारतात.)

गोदाकाठची:
अगं, हा तर ढाब्यापेक्षा अवघड विषय. हॉटेलात नको म्हणता येतं. वणीला गडावर एका आजींनी लेकाला घट्ट धरून, "देवीचं आहे, कणभराने काही होत नाही" म्हणत शिरा तोंडाशी नेला. तो माझ्याकडे बघतोय, मी त्यांच्याकडे. शेवटी सासूबाईच पुढे झाल्या. आमच्या सासूबाई म्हणजे सोवळं-ओवळं सगळं कडक. त्यांनी शिरा स्वतःच्या ओंजळीत घेतला, कपाळाला लावला, खाल्ला आणि पदराच्या गाठीतली खडीसाखर काढून देवीसमोर धरून नातवाच्या हातावर ठेवली. "झाला प्रसाद." आजी गप्प! ती गाठ त्या घरूनच बांधून आल्या होत्या. मला पत्ताही नव्हता.

कढीपत्ता:
सासूबाईंना नमस्कार सांगा.

अर्धा_चहा:
+१. एरवी सासूबाईंवरचे धागे वेगळेच असतात.

दारणाकाठ:
बाबा डायलिसिसवर होते. त्यांना कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं. आधी तिथल्या डायलिसिस सेंटरला फोन करून दिवस ठरवला, त्यांनी कावीळ-एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागितले, ते पाठवले. एवढं झाल्यावर गाडी काढली.
खाण्याचं गणित सगळं उलटं असतं. जे आपण आजाऱ्याला प्रेमाने देतो तेच त्यांना घातक. नारळपाणी नाही, केळं नाही, टोमॅटोचं सार नाही, पोटॅशियम वाढतं. बटाटा हवाच असेल तर चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. कमी सोडियमचं मीठ "बीपीला चांगलं" म्हणून एका नातेवाइकाने दिलं होतं, त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं, परत केलं. पाणी मोजून. सकाळी एक बाटली भरून द्यायची, दिवसभर तेवढंच, चहासुद्धा त्याच हिशोबात.
वाटेत जो भेटेल तो "काकांना शहाळं द्या, बरं वाटेल". बाबांनी मग युक्ती काढली. शहाळं घ्यायचे, "थँक यू" म्हणायचे आणि मागे माझ्या मुलीकडे द्यायचे. पोरीने ट्रिपभर शहाळी प्यायली.
दर्शन छान झालं. बाबा आता नाहीत.

सिन्नरकर:
दारणाकाठ 🙏 नेलंत ते फार चांगलं केलंत.

वैतागवाडी:
डोळ्यात पाणी आलं गं. पोटॅशियमवाल्या मिठाचं आजच आत्याला सांगते.

माहेर_मालवण:
उशिरा बघितला धागा, कुकर लावत होते. माहेर मालवण, सासर नाशिकरोड, त्यामुळे दोन्हीकडून सांगू शकते. नणंदेला म्हणावं बिनधास्त जा. देशावर फिरण्यापेक्षा कोकण ह्या पोरांना सोपं. घावणे तांदळाचे, आंबोळ्या तांदूळ-उडदाच्या, भाकरी तांदळाची, सोलकढी, भात, आमटी. नाश्त्याला रोज घावणे आणि नारळाची चटणी.
पण तीन ठिकाणी जपा.
कोंबडी-वड्यांचे वडे. तांदळाचे म्हणतात, पण वड्याच्या पिठात उडीद, मेथी, धण्यांबरोबर बऱ्याच घरी मूठभर गहूपण दळतात. विचारल्याशिवाय नको.
मासे. तळलेल्या बांगड्याला, सुरमईला रवा लावतात. नुसतं तांदळाचं पीठ लावा सांगायचं, आणि तेवढ्यावर भागत नाही, तवा आणि तेल वेगळं हवं. कारण आधीच्या रव्याचे कण तेलात असतातच. मी तर सरळ माशाचं तिखलंच (न तळता केलेलं तिखट कालवण) करायला सांगते.
तिसरं हिंग, ते वर आलंच.
होमस्टेच्या काकूंना आदल्या दिवशी नाही, आत्ताच फोन करा. "ग्लूटेन" म्हणू नका. "पोरीला गव्हाचा कण चालत नाही, रवा-मैदा पण नाही, तिचं आधी करा, मग आमच्या चपात्या" असं सांगा. बायकांना बरोबर कळतं. आपला तवा नेला तर अजून उत्तम, कोणी रागवत नाही.

अर्धा_चहा:
मोठ्यांसाठी काही सूचना? बिअर?

घाटमाथा:
बिअर जवाची, त्यामुळे नाही. वाईन द्राक्षांची, चालते. नाशिककरांची तेवढी सोय आहे.

अर्धा_चहा:
मला काही झालेलं नाही, तरी सावध राहिलेलं बरं. आजपासून वाईन.

गोदाकाठची:
@माहेर_मालवण, रव्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आमचा लेक मासेच खात नाही ना, त्यामुळे. नणंदेने लगेच होमस्टेला फोन लावला. काकू म्हणाल्या, आमच्या शेजारणीच्या नातवाचं पण असंच आहे, माझ्याकडे वेगळा तवा आहे. रद्द करायचं आता बोलत नाहीये.

तिळगूळ:
वा! मग पोरीला तिथे खाज्याची चव बघू दे. बेसनाचं असतं ना ते?

माहेर_मालवण:
बेसन-गूळ. पण जत्रेतलं सुटं नको, त्याच कढईत काय काय तळलेलं असतं. घरी बनवणारी कोणी मिळाली तर तिला विचारून घ्या.

बागलाणी:
लांब जायचं नसेल तर सापुताऱ्याला जा. बोरगावच्या घाटात थंडीत शेतकरी रस्त्यावरच स्ट्रॉबेरी घेऊन बसतात. त्यात ना गहू, ना दाणे, ना कांदा. साखरवाल्यांनी मोजून खावी.

दारणाकाठ:
किडनीवाल्यांनी डॉक्टरला विचारून.

वैतागवाडी:
सुरगाण्याची स्ट्रॉबेरी सुरू झाली का? मागच्या आठवड्यात गंगापूर रोडला दिसली, पण आंबट होती.

बागलाणी:
अजून थंडी पडू द्या ताई. घाई केली की आंबटच मिळणार.

रानजाई:
ते घरघंटीचं कुणीतरी सांगा ना. दोन एचपीची घ्यावी की एक पुरते? माणसं चार, आणि दाण्याचं कूट तिच्यात कध्धीच करायचं नाहीये.

घाटमाथा:
एक पुरते. तेलकट काही तिच्यात तसंही घालायचं नसतं, जाळी बुजते. कंपनी-बिंपनी व्यनीतून (खाजगी निरोपातून) विचार, इथे सुरू झालं तर दोनशे प्रतिसाद होतील.