बदलापूर ते मरोळ: घर बदलावे की प्रवासाचा खर्च आवरावा?

प्रश्न — पूर्वेचा_पूल

बदलापूर पश्चिमेला भाड्याने वन आरके, भाडे ९,००० रुपये. नोकरी मरोळला. घर ते स्टेशन शेअर रिक्षा, बदलापूर ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रोने मरोळ नाका, तिथून पुन्हा शेअर रिक्षा. शेअर रिक्षाचे रोज ८० रुपये (चार वेळा २०), दुपारचे जेवण आणि दोन चहा मिळून १५०. महिन्याचे २२ दिवस. येण्याजाण्यात साडेचार तास जातात. घाटकोपर आणि मरोळच्या मध्ये मेट्रोवरच्या असल्फ्याला १८,००० भाड्याची खोली मिळते आहे, डिपॉझिट १ लाख. तिथे गेलो तर प्रवास दोन तासांवर येईल. पगार वाढलेला नाही, किराणा आणि बिले मात्र वाढली आहेत. घर बदलावे, की आहे तिथेच राहून खर्च कमी होईल? दर महिन्याचा पास काढतो, तेही बरोबर आहे का सांगा.

हिशोबवही

आधी पास. त्रैमासिक पास मासिकच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट किमतीला मिळतो. दर महिन्याला काढत राहिलात तर वर्षाचे १२ मासिक होतात, म्हणजे जवळपास सव्वा महिन्याचे पैसे सरळ जातात. पास मध्येच सोडला तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून घर बदलायचे नक्की होईपर्यंत त्रैमासिकच काढा. मोबाइलवर पहिल्यांदा काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. त्या दिवशीचे तिकीट वेगळे काढावे लागते, हे बरेच जण विसरतात.

पण खरी गळती पासात नाही. लोकल ही तुमच्या यादीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. शेअर रिक्षाचे ८० गुणिले २२ म्हणजे १,७६०, आणि खाण्याचे १५० गुणिले २२ म्हणजे ३,३००. दोन्ही मिळून ५,०६० रुपये. पन्नासेक किलोमीटर लोकलने नेणाऱ्या पासापेक्षा घर ते स्टेशन हा छोटा तुकडा महाग पडतो आहे. बदलापुरातच स्टेशनपासून पंधरा मिनिटे चालत येता येईल अशी खोली ७०० रुपये जास्त भाड्याने मिळाली तरी परवडते, कारण त्या टोकाच्या रिक्षाचेच ८८० वाचतात. पावसाळ्यात तर रांगेतली वीस मिनिटेही वाचतात.

मरोळच्या टोकाला मेट्रो स्टेशन ते ऑफिस दोन किलोमीटरच्या आत असेल तर बेस्टची बस बघा. मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे १० रुपये आणि एसीचे १२ आहे. येताना १० आणि जाताना १० धरले तर शेअर रिक्षाच्या निम्मे. सकाळी बस किती वाजता येते ते आठवडाभर लिहून ठेवा. वीस मिनिटे थांबावे लागत असेल तर बसचा हट्ट धरू नका, चाला.

मेट्रोवन_रोज

घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचा ४५ फेऱ्यांचा पास ३० दिवस चालतो. २२ दिवस येऊनजाऊन ४४ फेऱ्या, त्यामुळे तुम्हाला तो अगदी बेताचा बसतो. ऑफिसने आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिले तर मात्र २६-२८ फेऱ्याच होतात, उरलेल्या बुडतात. तेव्हा साधे तिकीट बरे.

लोकलच्या पासाचे तसे नाही. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण १५ एकेरी तिकिटांच्या भावात पडतो, म्हणजे महिन्यात आठ दिवस गेलात तरी पासच काढायचा.

डाऊन करून, म्हणजे आधी उलट दिशेने जाऊन, बसायला जागा मिळवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. सकाळी वांगणीपर्यंत उलट जाऊन बसून आलात किंवा संध्याकाळी घाटकोपरहून दादरपर्यंत मागे गेलात, तर पास त्या स्टेशनपर्यंतचा हवा. बदलापूर-घाटकोपर पासावर टीसीने पकडले तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडे. दादरपर्यंतचा पास काढायचे ठरवाल तर फरकाची रक्कम आधी विचारून घ्या. रोज सव्वा तास उभे राहणाऱ्या गुडघ्यांसाठी तो फरक मला काहीच वाटत नाही. सकाळी कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी बदलापुरात भरूनच येते. बदलापूरहूनच सुटणाऱ्या गाडीचा नेमका टाइम पाठ करा आणि दहा मिनिटे आधी फलाटावर या, चौथी सीट (तिघांच्या बाकावरची कडेची जागा) तरी मिळते.

डबेवाली_ताई

खाण्याच्या ३,३०० वर कुणीच थांबून बोलत नाही, म्हणून लिहिते. घरचा डबा न्यायचे ठरवून लोक आठवडाभरात सोडतात, त्याला आळस कारणीभूत नसतो. डबा दुपारपर्यंत आंबतो किंवा बॅगेत सांडतो, मग मन उडते.

आंबण्याचे कारण वाफ. गरम भाजी भरून लगेच झाकण लावले की वाफेचे पाणी झाकणाला लागते आणि परत भाजीत गळते. भाजी पसरट ताटात काढून पंधरा मिनिटे पंख्याखाली निववा, मगच भरा. पोळ्यांनाही झाकल्यावर घाम सुटतो, त्या सुती फडक्यात गुंडाळा. एप्रिल ते जून ओल्या खोबऱ्याचे वाटण आणि रस्सा डब्यात नको. पहाटे भरलेला डबा दुपारी एकला उघडेपर्यंत सात तास होतात, तेवढ्यात खोबरे आंबते. सुक्या भाज्या, परतलेली उसळ, मेथीचे थेपले, दुधात भिजवलेल्या दशम्या टिकतात. दही वेगळ्या छोट्या डबीत.

सांडण्याचे कारण गर्दीत बॅग पुढे छातीवर घेतली की डबा आडवा होतो. चारही बाजूंनी क्लिप लागणारा, रबरी रिंग असलेला डबा घ्या आणि रिंग आठवड्यातून एकदा काढून धुवा. रिंगेखाली तेल साठले की ती नीट बसत नाही आणि तिथूनच तेल बाहेर येते.

कडधान्य भाजीपेक्षा स्वस्त पडते, विशेषतः श्रावणात पालेभाजी महागते तेव्हा. वाटीभर मटकी आठ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, डिसेंबरात दीड दिवस लागतो. फडक्यात पाणी राहिले की वास येतो, मग ती टाकावीच लागते. दीड वाटी मटकीला मोड आले की दोन माणसांचे दोन दिवसांचे डबे निघतात. रविवारी रात्री भिजवायला घातली की मंगळवार-बुधवार निघाले.

पंखा_बंद_कर

विजेचे दोन शब्द. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर पुढच्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास उडतो. त्यामुळे १३० युनिटचे घर ९५ वर आणले तर बिलात दिसणारा फरक मोठा असतो. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारा नवा पंखा ३५. दोन पंखे रोज बारा तास चालले तर दिवसाला एक युनिट, महिन्याला जवळपास २९ युनिट वाचतात. घर भाड्याचे असले तरी पंखे आपलेच, सोडताना काढून न्या, फक्त मालकाचे जुने जपून ठेवा.

हिशोबवही

असल्फ्याचे आता मांडा. भाड्याचा फरक ९,०००. दलाली एक महिन्याची धरली तर १८,००० भागिले ११, म्हणजे महिन्याला १,६३६. करार दर ११ महिन्यांनी नवा झाला आणि मालकाने घर बदलायला लावले तर ही दलाली परत बसते, सामान हलवायचा खर्च वेगळा. म्हणजे साधारण १०,६०० चा बोजा. त्यातून लोकलचा पूर्ण पास, मेट्रोच्या तिकिटातली बचत आणि बदलापूरची रिक्षा वजा करा. उरेल त्याला ५५ ने भागा, कारण रोजचे अडीच तास २२ दिवसांत ५५ तास होतात. एका तासाची जी किंमत येईल ती तुमच्या पगारातून निघणाऱ्या तासाच्या दरापेक्षा बरीच कमी असेल आणि त्या वेळेत शिकवणी, कोर्स किंवा नुसती झोप होणार असेल, तर जा. जास्त येत असेल तर आधी डबा आणि रिक्षा या दोन गोष्टी तीन महिने सांभाळून बघा.

जायचेच ठरले तर लीव्ह अँड लायसन्स करार (ठराविक मुदतीचा भाडेकरार) नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे १० टक्के धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. तुमच्या आकड्यांवर ते साधारण ५२० रुपये येते, शहरात नोंदणी फी १,०००. एजंट यापेक्षा बराच मोठा आकडा सांगेल. त्यातले सरकारी किती आणि त्याची मजुरी किती, अशी फोड कागदावर मागा. डिपॉझिट चेकने किंवा ट्रान्सफरने द्या आणि रक्कम करारात लिहिलेली आहे का ते सही करण्याआधी वाचा.

पूर्वेचा_पूल

आभार. भागाकार केला, तास अपेक्षेपेक्षा महाग पडतो आहे. आधी स्टेशनजवळची खोली बघतो आणि त्रैमासिक पास काढतो. ताई, डब्याची रिंग सुटी मिळते का, की डबाच नवा घ्यावा लागतो?

डबेवाली_ताई

भांड्यांच्या दुकानात मापाने सुटी मिळते. जुनी रिंग सोबत घेऊन जा, नुसता डब्याचा आकार सांगून चुकीची येते.