घटस्फोटानंतरचा नाझ: 'लाइफ इज गुड'ला पुनरागमनाचा अल्बम म्हणावे का?

तापीकाठचा श्रोता, जळगाव:

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत आज जी मुले रॅप ऐकतात आणि अहिराणीत स्वतःच्या ओळी जुळवतात, त्यांच्यापैकी अनेकांना नाझ या अमेरिकी रॅपरचे नाव २०१९ च्या 'गली बॉय'मुळे कळले, कारण त्या चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत तो होता. या मुलांना मी 'इलमॅटिक' या त्याच्या पहिल्या अल्बमच्याही आधी त्याचा २०१२ चा 'लाइफ इज गुड' ऐकायला सांगतो आणि त्यावरून दर वेळी वाद होतो. तो वाद एकदा नीट मांडला जावा, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. नाझ न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढला, आठवीतच त्याची शाळा सुटली, आणि १९९४ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी 'इलमॅटिक' काढून त्याने रॅपमधल्या शब्दांना एक नवी उंची दिली. २००५ मध्ये त्याने गायिका केलिस हिच्याशी लग्न केले. २००९ मध्ये ती गरोदर असतानाच तिने घटस्फोटाचा अर्ज केला, त्याच वर्षी जुलैत मुलगा झाला, आणि २०१० मध्ये ते लग्न कायद्याने संपले. त्याच सुमारास अमेरिकी कर खात्याची मोठी थकबाकीही त्याच्या डोक्यावर होती. २००८ नंतर त्याचा एकट्याचा अल्बम आला नव्हता. २०१० मध्ये रेगे गायक डेमियन मार्लीबरोबर केलेला अल्बम तेवढा मधे आला. मग जुलै २०१२ मध्ये 'लाइफ इज गुड' आला. त्याच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या सुटातला नाझ बसलेला आहे आणि केलिसच्या लग्नातला हिरवा पोशाख त्याच्या मांडीवर पसरलेला आहे. घर सोडताना तिने मागे ठेवलेली तेवढीच वस्तू होती, असे त्याने सांगितले होते.

माझे म्हणणे असे की, रॅपला तोवर चाळिशीकडे झुकलेल्या माणसाची भाषा फारशी सापडली नव्हती. वय झालेला रॅपर एक तर तरुणपणाचा रुबाब तसाच मिरवत राहायचा, नाही तर जुन्या वैभवाच्या आठवणी काढत बसायचा. नाझने इथे संसारी माणसाचे रॅप केले. 'डॉटर्स' हे गाणे घ्या. मुलीने आपल्या खोलीतले निरोधाचे पाकीट दिसेल असे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले, आणि पुढे ती तुरुंगातल्या एका मुलाला पत्र लिहिताना बापाला कळते, एवढाच त्यातला मजकूर आहे. त्यावर संतापलेला बाप त्याच कडव्यात हेही कबूल करतो की, आपण कोण आहोत हे आपण तिच्यापासून कधी लपवले नाही आणि तिच्या वाढत्या वयात आपण बहुतेक वेळ रंगमंचावर होतो. मुलीला दटावायचा अधिकार आपण कमावला आहे का, हा प्रश्न तो स्वतःला भर चौकात विचारतो. लग्न मोडले, पैसा गेला, पोरगी हाताबाहेर चालली, आणि तरीही अल्बमचे नाव 'आयुष्य छान आहे' या अर्थाचे ठेवायला जी छाती लागते, ती या अल्बमच्या प्रत्येक चांगल्या गाण्यात ऐकू येते. म्हणून माझ्या मते 'इलमॅटिक'नंतरचे त्याचे हेच सर्वांत मोठे काम आहे.

धुळ्याची वकील:

दादा, 'डॉटर्स'बद्दल आपण जे लिहिले ते मला मान्य आहे, पण या अल्बमचा खरा कणा 'बाय बेबी' हे शेवटचे गाणे आहे, आणि त्याच्याविषयी आपण एक शब्दही लिहिला नाही. मुखपृष्ठावरचा हिरवा पोशाख 'डॉटर्स'साठी पसरलेला नाही.

मी पोटगीच्या आणि घटस्फोटाच्या अर्जांवर काम करते, त्यामुळे ते गाणे मला एखाद्या कैफियतीसारखे ऐकू येते. त्यात एका जागी नाझ वकिलाने सांगितलेला हिशोब मांडतो आणि 'अर्धे' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो: थोडेथोडके नाही, अर्धे; मग अर्धा आत्मा, अर्धे काळीज. आपल्याकडच्या श्रोत्याला वाटते की हा केवळ शब्दांवरचा जोर आहे. तसे नाही. हा दावा लॉस एंजेलिसच्या न्यायालयात चालला, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात लग्नानंतरची कमाई ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता धरली जाते, म्हणजे बायकोचा निम्मा वाटा हा तिथे तिचा हक्क असतो. आपल्या हिंदू विवाह कायद्यात असा निम्मा वाटा नाही. पोटगी किती द्यायची हे न्यायालय दोघांची ऐपत आणि परिस्थिती पाहून ठरवते. जो तिचा कायदेशीर हक्क आहे, तो नाझ आपल्या काळजाच्या लचक्यासारखा मांडतो, आणि गाणे इतके सुरेल आहे की ऐकणारा त्याच्या बाजूने मान डोलवू लागतो.

त्याच गाण्यात तो असेही म्हणतो की, तिचा पुरुषांवर विश्वास नसण्याला तिचा बाप कारणीभूत आहे, तो आता हयात नाही, तेव्हा तिने ते विसरून जावे. मेलेल्या सासऱ्यावर दोष ढकलून मोकळे होणारे नवरे मी माझ्या टेबलासमोर बसलेले पाहिले आहेत. यात प्रामाणिकपणा कुठे आहे? ही एका पक्षाची बाजू आहे, आणि समोरच्या पक्षाला उलटतपासणीची संधीच मिळालेली नाही.

शिरपूरचा लेखणीवाला:

मी स्वतः लिहितो, म्हणून एक वेगळी तक्रार मांडतो. भाऊ, तुम्ही आणि ताई, दोघेही अल्बम सोडून माणसाच्या संसाराबद्दलच बोलत आहात. ज्याच्यावर संकट आले त्याचे काम थोर मानायचे, ही सवय आपल्याला फार लवकर लागते, आणि मग गाणे कसे बांधले आहे हे कोणी पाहतच नाही.

नाझवर कित्येक वर्षे एकच आक्षेप घेतला जात असे: शब्द अव्वल, पण त्यांच्याखालचे संगीत निवडताना त्याची पारख कमी पडते. हा अल्बम उभा राहिला तो मुख्यतः नो आय. डी. आणि सलाम रेमी या दोन संगीतकारांमुळे. 'लोको-मोटिव्ह'मध्ये नो आय. डी.ने आगगाडीसारखा घुमणारा, धुळकट ताल दिला आहे आणि त्यावर लार्ज प्रोफेसरचा, म्हणजे 'इलमॅटिक' घडवणाऱ्यांपैकी एकाचा, आवाज आणला आहे. नाझ ते गाणे नव्वदच्या दशकातच अडकून पडलेल्या श्रोत्यांना सरळसरळ अर्पण करतो. 'चेरी वाइन'मध्ये ब्रिटिश गायिका ॲमी वाइनहाउसचा आवाज आहे. ती जुलै २०११ मध्ये गेली, आणि सलाम रेमीने तिच्याबरोबरही काम केलेले असल्यामुळे तो आवाज या गाण्यात चिकटवलेला वाटत नाही. मध्यरात्री दोन एकटी माणसे एकमेकांशी बोलत आहेत असेच वाटते. 'द डॉन'मागे जुना रॅपर हेवी डी याचा हात आहे, आणि तोही हा अल्बम येण्याआधीच गेला. घटस्फोट विसरूनही ही गाणी तितकीच पक्की राहतात.

याउलट 'समर ऑन स्मॅश' ऐका. पार्टीत वाजवण्यासाठी केलेले, कुणीही केले असते असे ते गाणे आहे, आणि त्यामुळे आधीच्या गाण्यांनी जमवलेली हवा निघून जाते. इतक्या मोठ्या कवीने ते गाळायला हवे होते.

आणि पुनरागमन कसले? पहिल्याच आठवड्यात एक लाख एकोणपन्नास हजार प्रती खपून जो अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, त्याचा गायक कुठे हरवला होता? तो दोन वर्षांपूर्वीच मार्लीबरोबर उत्तम काम करून बसला होता. 'पडला आणि उठला' ही कथा अल्बम विकायला बरी असते. तिच्यावरून अल्बमचे मोल ठरवू नका.

आसोद्याची माहेरवाशीण:

वकीलताईंच्या आणि शिरपूरच्या दादांच्या मधला एक मुद्दा मला मांडावासा वाटतो. आपल्याच मातीत याचे मोजमाप आहे. बहिणाबाईंना ऐन तिशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरी लेकरे होती आणि अक्षरओळख नव्हती. त्यांनी जात्यावर आणि शेतात लेवा गणबोलीत जे गाइले, ते सोपानदेवांनी उतरवून ठेवले आणि त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. पुसल्या गेलेल्या कुंकवावर त्यांनी कवन केले, पण त्यात कुणावर ठपका नाही. त्या आपल्या दुःखातून वाट काढत थेट सगळ्या माणसांच्या नशिबापर्यंत जातात. स्वतःचा घाव सांगताना तो दुसऱ्याच्या पदरात टाकायचा नाही, ही ताकद मला नाझच्या 'बाय बेबी'त दिसत नाही. शिरपूरच्या दादांना मी एवढेच म्हणेन की, जगणे बाजूला काढून गाणे पाहता येत नाही. बहिणाबाईंच्या ओवीतून त्यांचे जगणे वेगळे काढले, तर हातात काय उरेल?

तापीकाठचा श्रोता, जळगाव:

सर्वांना एकत्र उत्तर देतो.

ताई, बहिणाबाईंचे नाव निघाले की आपण सगळेच हात जोडतो, पण ही तुलना इथे लागू पडत नाही असे मला वाटते. वैधव्यात समोर दुसरा पक्ष नसतो, असते ते फक्त नशीब, आणि नशिबाशी बोलताना माणूस आपोआप मोठा होऊ शकतो. घटस्फोटात समोर जिवंत माणूस असते, जिच्याशी तुम्ही कालपर्यंत एका ताटात जेवत होता, आणि तिच्याविषयी बोलायचे म्हटले की कडवटपणा येणारच. नाझपुढे या जातीचा एक जुना नमुना होता. मार्विन गे या अमेरिकी गायकाने १९७८ मध्ये आपल्या घटस्फोटावर 'हिअर, माय डिअर' हा दुहेरी अल्बम काढला, आणि त्याच्या कमाईतूनच पहिल्या पत्नीला पैसे द्यायचे ठरले होते. तोही अल्बम एकतर्फी आहे, रागावलेला आहे, काही ठिकाणी अन्यायी आहे. प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्यावर टीका झाली आणि आज तो मोठा मानला जातो. मोडलेल्या लग्नाबद्दलचे गाणे न्यायाधीशाच्या निकालासारखे समतोल असावे, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते.

वकीलताई, 'बाय बेबी'त आपण दाखवलेल्या दोन्ही जागा खऱ्या आहेत आणि सासऱ्याबद्दलची ओळ मलाही खटकते. पण त्याच गाण्यात तो असेही म्हणतो की, निदान मी प्रयत्न केला आणि त्या प्रवासाचा आनंदही घेतला, आणि मुलाकडे पाहताना नाक आपले आणि डोळे तिचे आहेत, हे तो मनापासून मोजतो. ज्या बाईवर तो चिडला आहे, तिचे डोळे तो आपल्या पोरात शोधतो आहे. हे एका पक्षाच्या कैफियतीत कधी येते का?

शिरपूरचे भाऊ, 'समर ऑन स्मॅश'बद्दल आपले बरोबर आहे, ते गाणे नसते तर बरे झाले असते. संगीताबद्दलही आपण लिहिले ते खरेच. फक्त एवढे पाहा की नो आय. डी.चा तो धुळकट ताल विशीतल्या मुलाच्या तोंडी बसला नसता. नाझला तो शोभतो, कारण त्याच्या आवाजात आता घाई नाही.

धुळ्याची वकील:

दादा, नो आय. डी.चे नाव निघालेच आहे, तर माझा मुद्दा त्याच्याच आधारे पूर्ण करते. २०१७ मध्ये त्याच नो आय. डी.ने जे-झीचा '४:४४' संपूर्ण अल्बम केला. संगीतकार तोच, न्यूयॉर्कचा पन्नाशीकडे निघालेला रॅपर, विषय पुन्हा लग्नच. पण तिथे जे-झी शीर्षकगीतातच आपल्या बेइमानीची कबुली देतो, बायकोची माफी मागतो, आणि उद्या मुलांना हे कळेल तेव्हा त्यांच्या नजरेला नजर कशी द्यायची, हा प्रश्न स्वतःवर घेतो. म्हणजे रागाच्या पलीकडे जाऊनही घर मोडण्यावर रॅप करता येते. आपण म्हणता ती अपेक्षा चुकीची नव्हती. नाझने ती पुरी केली नाही, इतकेच.

शिवाय २०१८ मध्ये केलिसने मुलाखतीत त्या संसारात आपल्याला मारहाण होत असल्याचा आरोप केला. नाझने तो जाहीरपणे नाकारला. खरे काय, हे ठरवायला मी बसलेली नाही, आणि न्यायालयाबाहेर ते कुणी ठरवूही नये. पण सहा वर्षे ज्या पोशाखाकडे आपण नवऱ्याच्या दुःखाची खूण म्हणून पाहत होतो, तो पोशाख तिचा होता आणि तो बाजारात मांडला गेला होता, हे तरी आता डोळ्याआड करता येत नाही.

आसोद्याची माहेरवाशीण:

पोशाखाबद्दल वकीलताई जे म्हणतात, ते मला पहिल्यापासून सलत होते. आपल्याकडे घर सोडून गेलेल्या बाईचा शालू कुणी ओट्यावर वाळत घातला असता, तर चार बायकांनी त्याला तिथेच सुनावले असते.

शिरपूरचा लेखणीवाला:

मुखपृष्ठावर टीका करा, माझी ना नाही. पण मुखपृष्ठ ऐकू येत नाही. मी माझ्या मित्रांना 'नो इंट्रोडक्शन', 'लोको-मोटिव्ह', 'ॲक्सिडेंट मर्डरर्स', 'डॉटर्स' आणि 'चेरी वाइन' या क्रमाने ऐकायला सांगतो. या पाचांत केलिस जवळजवळ नाहीच. भूक, वस्ती, चुकून लागलेल्या गोळ्यांनी मेलेली निरपराध माणसे, मुलगी आणि एकटेपण, एवढे विषय आहेत. अहिराणीत लिहिणाऱ्या पोरांनी शिकायचेच असेल, तर ते 'ॲक्सिडेंट मर्डरर्स'मधून शिकावे. राग असूनही आवाज न चढवता कसे लिहायचे, ते तिथे आहे.

तापीकाठचा श्रोता, जळगाव:

भाऊ, आपल्या पाचांत मी 'बाय बेबी' सहावे म्हणून ठेवीनच, आणि ते वकीलताईंनी दाखवलेल्या दोन्ही खोटांसह. २०१८ नंतर ते गाणे मी पूर्वीसारखे ऐकू शकत नाही, हे खरे आहे; आता ते ऐकताना तिचे उत्तर काय असेल हा विचार मनात सतत चालू असतो. पण 'डॉटर्स'ला त्याने धक्का लागत नाही, कारण तिथे आरोपीच्या जागी तो स्वतः उभा आहे. अल्बम मोठा ठरतो तो मला त्या गाण्यावरून, आणि या मतावर मी ठाम आहे.

धुळ्याची वकील:

'डॉटर्स' मोठे आहे, हे मी पहिल्याच प्रतिसादात मान्य केले होते. एका मोठ्या गाण्यावरून अख्खा अल्बम 'इलमॅटिक'च्या खालोखाल नेऊन ठेवायला मात्र माझी हरकत कायम आहे. मुलीपुढे जो बाप स्वतःला जाब विचारू शकतो, त्याने बायकोच्या बाबतीतही तो विचारायला हवा होता.