‘माझ्याकडे आहे’ ही मालकी की नुसता मुक्काम?

शब्दवेडी
मराठीत ‘हॅव’ला सरळ प्रतिशब्द नाही, ही भाषेची उणीव आहे, असं एका अनुवादकाने मला ठामपणे सांगितलं. मला ते मुळीच पटलेलं नाही. इंग्रजी भाऊ, पैसे, हिंमत, खिडक्या सगळ्यांना एकच क्रियापद लावते. आपण नातं बघून बोलतो: मला भाऊ आहे, माझ्याकडे पैसे आहेत, तिच्यात हिंमत आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत. ‘माझ्याकडे दहा मुलं आहेत’ हे शिकवणी घेणारी बाई म्हणेल. आई म्हणणार नाही. आपली वस्तू आपल्यापाशी असते, आपण तिला धरून ठेवलेलं नसतं. मराठीत मालकी हा स्थानाचाच एक प्रकार आहे, आणि माझ्या मते जगाकडे बघायची ही जास्त जाणती रीत आहे.

तर्कट
उणीव नाही, हे मान्य. ‘जास्त जाणती’ अमान्य. रशियन माणूस ‘ऊ मेन्या येस्त क्नीगा’ म्हणतो, म्हणजे माझ्यापाशी पुस्तक आहे. फिनिशमध्ये ‘टेबलावर’ आणि ‘माझ्याकडे’ या दोन्हींना एकच विभक्ती लागते. भाषाशास्त्रज्ञ लिऑन स्टासेन यांनी २४० भाषा तपासल्या, त्यांतल्या फक्त ६३ ‘हॅव’वाल्या निघाल्या. मग आपलं वेगळेपण कुठे उरलं? लॅटिनमध्ये तर ‘मिही एस्त’ (मला आहे) आणि ‘हाबेओ’ (मी बाळगतो) दोन्ही एकाच वेळी चालत. वाक्य बदललं म्हणून बोलणाऱ्याची दृष्टी बदलत नसते.

शब्दवेडी
‘फक्त मराठीच’ असं मी म्हटलेलंच नाही. पण लॅटिनच्या लेकींनी, फ्रेंच-स्पॅनिशने, ‘आहे’ सोडून ‘बाळगणं’च पुढे नेलं. याला काहीच अर्थ नाही?

तर्कट
त्याच फ्रेंचमध्ये ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हणायला ‘इल या’ वापरतात आणि त्यात तेच ‘बाळगणं’ दडलेलं आहे. तिथे कोण काय बाळगतंय? कोणीच नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बाँव्हनिस्त यांनी १९६० मध्येच मांडलं होतं की ‘हॅव’ म्हणजे ‘अमक्याला असणे’ हेच उलटं फिरवलेलं रूप.

उंबरठा
माझा आक्षेप दोघांनाही आहे. शब्दवेडी, तुमचं पहिलंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. ‘मला भाऊ आहे’ यात स्थान कुठे आहे? हा ‘मला’ म्हणजे ‘मला ताप आहे’, ‘मला आठवतं’ मधला ‘मला’: जे आपल्या वाट्याला आलं, त्याचा. सगळी मालकी स्थानात बसवता येत नाही. स्वाहिलीत ‘निना किताबू’ म्हणतात, म्हणजे ‘मी पुस्तकासह’. तेही स्थान नव्हे, सोबत आहे.

आणि तर्कट, प्रत्यय मोजून काम भागत नाही. ‘माझ्याकडे गाडी आहे’ आणि ‘गाडी माझ्याकडे आहे’ ही वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात बहुधा मी मालक. दुसऱ्यात गाडी तुमचीही असू शकते, आज माझ्या दारात उभी आहे इतकंच. शब्द तेच, प्रत्यय तोच, फरक केला तो क्रमाने. रशियनमध्येही ‘माशीना ऊ मेन्या’ म्हटलं की ऐकणारा ठरलेलीच गाडी समजतो. चिनी भाषेत मात्र यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत: असल्याचं सांगायला ‘यौ’, ठिकाण सांगायला ‘त्साय’. मालकीलाही ‘यौ’च लागतं. म्हणजे तिथे मालकीचं सोयरं अस्तित्व आहे, ठिकाण नव्हे.

शब्दवेडी
‘मला’बद्दल तुमचं खरं आहे. ते वाक्य मी मागे घेते. पण गाडीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! मालकी आणि मुक्काम आपण इतके जवळ ठेवले की नुसत्या क्रमाने एकातून दुसऱ्यात जाता येतं. ‘आय हॅव अ कार’मधले शब्द मागेपुढे करून हे करून दाखवा.

तर्कट
‘द कार इज विथ मी.’ एक क्रियापद बदललं, काम झालं.

जुनीपोथी
‘आहे’वर इतकं लिहिलंत, ‘नाही’कडे कोणीच पाहिलं नाही. जुन्या वळणाच्या मराठीत ‘इथे साप नाही’ आणि ‘हा साप नव्हे’ हे वेगळे नकार आहेत. एक अस्तित्व नाकारतो, दुसरा ओळख. ‘आहे’मध्ये जे दोन अर्थ एकत्र नांदतात, ते नकारात सुटे होतात. बंगालीत तर होकारातच ते सुटे आहेत: ओळख सांगताना क्रियापदच नाही, अस्तित्वाला आणि मालकीला मात्र ‘आछे’. आपण ‘नव्हे’ हातचं घालवतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उंबरठा
मी वर ‘स्थान नव्हे’ लिहिलं, ते न ठरवता. बोलताना मात्र दोन्हीकडे ‘नाही’च म्हणतो.