मेख नेमणुकीतच होती

प्रश्न असा आहे की २६/११ च्या पोलिसी ढिसाळपणाचा जाब आमदारांना वेळेत का विचारता आला नाही. त्या वेळच्या पोलिसी कामगिरीची चौकशी करायला राज्य सरकारने राम प्रधान समिती नेमली साध्या शासन निर्णयाने, १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नव्हे. आयोग असता तर कलम ३(४) लागलं असतं: अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत तो कृती अहवालासह (त्यावर सरकारने काय केलं, ते सांगणारा अहवाल) सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक. इथे अहवाल आला एप्रिल २००९ मध्ये, जूनमध्ये मांडला नुसता कृती अहवाल (उत्तरपत्रिका दाखवली, प्रश्नपत्रिका कपाटात!), मूळ अहवाल डिसेंबरात नागपूरला, तोही फुटल्यावर. आयोगासारखे समन्स काढायचे अधिकारही नव्हतेच. 'चौकशी करू' असं गृहमंत्री म्हणाले की आमदाराने तिथल्या तिथे विचारावं, कुठल्या कायद्याखाली?