प्रश्न: मुलांशी भांडण झालं की लगेच बोलायला बसावं का?

लगेच नको. व्हिएतनामी बौद्ध भिक्खू थिच न्हात हान यांनी १९८२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलेल्या प्लम व्हिलेज या ध्यानकेंद्राच्या पद्धतीत २४ तासांत फक्त 'मला राग आलाय' एवढं कळवायचं. बोलणं शुक्रवारी संध्याकाळी.

त्या वेळी सगळे गोल बसतात, मध्ये फुलदाणी. बोलणारा हात जोडून ती आपल्यापुढे घेतो. परत जागेवर ठेवेपर्यंत बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. आधी कौतुक, मग आपली चूक, दुखावल्याचं त्यानंतर. व्हिएतनाममधून परदेशी गेलेल्या घरांत गाडी अडते ती चुकीपाशी. आईवडील ती गाळून थेट 'तुमच्यासाठी किती सोसलं' यावर येतात आणि मुलं मिटतात. मूल व्हिएतनामीत अडखळलं तर इंग्रजीत बोलू द्या, शब्द सुधारत बसू नका. कौतुकही नेमकं हवं: 'गुणी आहेस' नव्हे, 'मंगळवारी आजीला दवाखान्यात नेलंस' असं.