कलिली स्फटिकाच्या थरात आडवे पट्टे आणि भेगा

प्रश्न:
सुमारे २२० नॅनोमीटर व्यासाच्या पॉलिस्टायरीन गोळ्या पाण्यात मिसळून, त्या मिश्रणात काचपट्टी उभी ठेवून मी ६० अंश सेल्सिअसला पाणी आटू देते. काचेवर कलिली स्फटिकाचा, म्हणजे स्फटिकातील अणूंसारख्या सुसूत्र रचलेल्या सूक्ष्म गोळ्यांचा, थर बसतो. थराला हिरवा रंग येतो, पण त्यावर पाण्याच्या रेषेला समांतर पट्टे उमटतात आणि वाळल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली भेगांचे जाळे दिसते. काच अधिक स्वच्छ करून आणि तापमान बदलूनही फरक पडला नाही. चूक कोठे होत असावी?

उत्तर १:
हे दोन स्वतंत्र दोष आहेत. पट्टे थर वाढताना पडतात, तर भेगा तो वाळताना. पाण्याची कड काचेला चिकटून राहते तोवर बाष्पीभवनाने ओढला जाणारा प्रवाह गोळ्या तेथेच आणून रचतो, आणि कड अचानक खाली घसरली की मध्ये पातळ पट्टा राहतो. ओव्हनचा पंखा किंवा बाकाची थरथर एवढ्यानेही कड निसटते. भांडे स्थिर ठेवून पट्टी मोटरच्या साहाय्याने अतिशय सावकाश वर ओढल्यास कडेची चाल आपल्या हाती राहते.

उत्तर २:
भेगांबाबत सांगायचे, तर पाणी निघून गेल्यावर गोळ्या एकमेकींच्या जवळ येऊ पाहतात, पण खालचा स्तर काचेला धरून असल्यामुळे संपूर्ण थर ताणला जातो. थर जितका जाड, तितका हा ताण सोसणे कठीण. म्हणून आधी मिश्रण विरल करून थरांची संख्या कमी करावी. मिश्रणात टीईओएसचे (टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, ज्यापासून सिलिका तयार होते) द्रावण घातल्यास सिलिका फटी भरते आणि भेगा पुष्कळ कमी होतात, मात्र पॉलिस्टायरीन जाळून टाकेपर्यंत रंग फिका दिसतो, कारण पॉलिस्टायरीन आणि सिलिका यांच्या अपवर्तनांकांत (पदार्थ प्रकाश किती वळवतो याच्या मापांत) फरक थोडा असतो.

उत्तर ३:
रंगाबद्दल निश्चिंत राहावे. घट्ट रचनेत गोळ्या ७४ टक्के जागा व्यापतात आणि सलग थरांमधील अंतर व्यासाच्या ०.८१६ पट, म्हणजे येथे सुमारे १८० नॅनोमीटर असते. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक १.५९ धरल्यास समोरून पाहताना ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश परतायला हवा, आणि तो हिरवाच असतो. पट्टी तिरकी केल्यावर रंग निळ्याकडे सरकतो का, एवढे मात्र पाहावे. न सरकल्यास गोळ्या दाटीने बसल्या असल्या तरी त्यांची रचना सुसूत्र नाही.

प्रश्नकर्ती:
रंग सरकतो. ओव्हनचा पंखा चालू असे, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. आता पंखा बंद ठेवून, मिश्रण निम्म्याने विरल करून पाहते.